संगीताचा आठ का मोडत होता

"पुन्हा पडलं," शिकवणारे कदम सर म्हणाले आणि वहीत फुली मारली.

पडद्यावरचा ड्रोन बांधावर आपटून उलटा पडला होता. रिमोट धरून बसलेल्या संगीताने मान खाली घातली. ती कळस गावची. तिच्या माहेरी पूर्वी मेंढरं होती, सासरी ऊस. फवारणीचा ड्रोन चालवायला शिकण्यासाठी ती आणि आणखी सहा जणी जळोचीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आल्या होत्या.

मी तिथे वेगळ्याच कामाला गेले होते. बारामतीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. या सेंटरचे कॉम्प्युटर जुनेच होते, पण सहा नवे फोर-के मॉनिटर माझ्या दुकानातून गेले होते. "बायकांचं डोकं दुखतंय, ब्राइटनेस कमी करून जा," एवढाच सरांचा फोन होता.

सिम्युलेटर म्हणजे एक प्रकारचा व्हिडिओ गेम. रिमोट खरा, ड्रोन पडद्यावरचा. दोन खांबांभोवती तो आठच्या आकड्यात फिरवायचा. हा आठ जमल्याशिवाय खऱ्या ड्रोनला हात लावायचा नाही, हा सरांचा नियम. नियम चुकीचा नव्हता. त्याच्या पंख्यांनी बोटं तुटतात. शुक्रवारी शेतात उड्डाण होतं. आज बुधवार. आणि सात जणींपैकी एकीचाही आठ पूर्ण झालेला नव्हता.

"मागच्या बॅचला मुलं होती. तीन दिवसांत सगळ्यांचं झालं," सर हळू आवाजात मला म्हणाले. "यांचे हात जड आहेत. तात्यांना तसं सांगावं लागेल." तात्या म्हणजे सेंटर चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. वहीतही तसंच लिहिलेलं दिसलं. प्रत्येक नावापुढे 'हात जड'.

मी ब्राइटनेस कमी केला. संगीता म्हणाली, "मॅडम, उजेडाचं न्हाय ओ ते. माझं हात आधी फिरत्यात अन् हे मागनं वळतंय."

"मागनं म्हणजे?"

"म्हातारं मेंढरू हाक मारल्यावर जरा थांबून वळतं का न्हाय, तसं. तवर मी दुसरी हाक मारलेली असती. मग ते दोनदा वळतं, अन् जातं बांधावर."

मी हातातलं फडकं ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. आमच्या धंद्यात याला लॅग म्हणतात. हात हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो उशीर होतो, तो. संगीताने हा शब्द कधी ऐकलेला नव्हता, पण दुखणं तिने अचूक सांगितलं होतं.

"सर, मागची बॅच याच मॉनिटरवर शिकली का?"

"नाही. तेव्हा जुने होते. तात्यांनी ते शाळेला देऊन टाकले आणि हे घेतले."

दोन बॅचच्या मध्ये बदललेली वस्तू मीच दिलेली होती.

आधी सेटिंग उघडली. मॉनिटर तीसवर चालत होता, म्हणजे सेकंदाला फक्त तीस वेळा चित्र बदलत होता. केबल जुनी होती. फोर-केचं एवढं मोठं चित्र तिला याहून वेगात नेता येत नाही. पिशवीतून नवी केबल काढून लावली. मॉनिटर साठवर आला. संगीताने ड्रोन उडवला. पुन्हा बांध.

मग सिम्युलेटरमध्ये फ्रेमचा आकडा, म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतोय ते, दिसेल असं केलं. बावीस. वळणावर एकोणीस.

इथे थोडं समजावून सांगते. मॉनिटर घेताना दोन आकडे बघतात. एक रेझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं. ठिपके जास्त तितकं चित्र रेखीव. दुसरा रिफ्रेश रेट, म्हणजे एका सेकंदात पडदा किती वेळा नवं चित्र दाखवू शकतो. वेळा जास्त तितकी हालचाल सलग. पण चित्र काढतं कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड. फोर-केत साध्या फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. इथली कार्डं बेताची होती. तेवढे ठिपके भरता भरता त्यांचा दम निघत होता आणि सेकंदाला जेमतेम वीसेक चित्रं बाहेर पडत होती. हे मॉनिटर विकायच्या आधी 'कार्ड कोणतं आहे' एवढं विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नव्हतं.

त्याच मॉनिटरवर चित्र फुल एचडी करून बघितलं. वेग वाढला, पण कमी ठिपके फोर-केच्या पडद्यावर ताणले गेल्याने चित्र पुसट झालं. संगीताला लांबचा खांब धड दिसेना. शिवाय तो मॉनिटर साठच्या वर जातच नव्हता. दुकानात गेमिंगचा एक मॉनिटर होता. चोवीस इंची, फुल एचडी, एकशे पासष्टचा. स्कूटीवर पुढे ठेवून तो घेऊन आले.

तोपर्यंत तात्याही आले होते. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढे.

"तात्या, चूक माझी आहे. हे मॉनिटर या कामाला चालत नाहीत."

"अवो मॅडम, पाहुणं आलं की पयल्यांदा हितं आणतो मी. उसाचं पान न् पान दिसतं! अन् हे तुमचं बारकं..."

"पाहुण्यांना पान दिसतं तात्या. चालवणारीला ड्रोन वेळेवर दिसत नाही."

कदम सर म्हणाले, "नवीन वस्तू आली की बरं वाटतंच. त्याने काय सिद्ध होतं?"

प्रश्न रास्त होता. मी सारखेच दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावले. एकावर फोर-के, दुसऱ्यावर माझा. "तात्या, तुम्हीच बसा."

तात्या बसले. फोर-केवर त्यांचा ड्रोन पहिल्याच खांबाला धडकला. माझ्या मॉनिटरवर त्यांनी पहिला खांब ओलांडला, दुसऱ्याला वळसा घातला आणि मग ड्रोन पडला. फ्रेमचा आकडा तिथे पंच्याऐंशीच्या आसपास होता. बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या.

तात्या खुर्चीतून उठले. "दोन्हीकडं पडलो म्हणा. पण हितं माझ्या चुकीनं पडलो ते कळलं. तितं कशानं पडलो ते कळलंच न्हाय."

मग संगीता बसली. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा अर्धा आठ झाला. तिसऱ्यांदा ड्रोन दोन्ही खांबांभोवती फिरून निघाला तिथे परत आला आणि हवेत स्थिर उभा राहिला. तिने रिमोट खाली ठेवला आणि मला म्हणाली, "मॅडम, आता एका हाकंत वळतंय."

बाकीचे पाच मॉनिटर मी पुण्याहून मागवले. ते गुरुवारी सकाळी आले, दुपारपर्यंत बसवून झाले. संध्याकाळी पाच जणींचा आठ पूर्ण होता. शुक्रवारी सकाळी सहावीचा. डाळज गावच्या सुनंदाला मात्र जमलं नाही. ड्रोनचं तोंड आपल्याकडे झालं की तिचं डावं-उजवं उलट व्हायचं. तो मॉनिटरचा दोष नव्हता. ती पुढच्या बॅचला पास झाली.

कदम सरांनी सातही नावांपुढचं 'हात जड' स्वतः खोडलं आणि शेजारी सही केली. मी सांगितलं नव्हतं. माणूस कडक, पण सरळ.

शुक्रवारी मुद्दाम दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी शेतावर गेले. संगीताने दहा लिटरची टाकी लावलेला खरा ड्रोन उचलला, उसावरून सरळ रेषेत नेला, वळवला आणि खुणेच्या आत उतरवला. अठरा वर्षांत मी शेकडो मशिन बसवली. त्या दिवशी बांधावर उभी असताना ऊर भरून आला, तसा कधी आला नव्हता.

दोन फोर-के मॉनिटर सेंटरच्या नकाशाच्या खोलीत गेले. तिथे ड्रोनने काढलेले फोटो बघून उसावर रोग कुठे पडलाय ते शोधतात. त्या कामाला ते उत्तम आहेत. चित्र हलत नाही आणि बारकावा लागतो. उरलेले चार मी परत घेतले.

आता मॉनिटर मागायला कुणी आलं की मी तीन प्रश्न विचारते. कार्ड कोणतं? पडद्यावरचं चित्र पळणार की थांबणार? आणि मॉनिटरसमोर कोण बसणार? गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.