संगीतावहिनीचा आवाज

तुम्हाला सांगतोय, कारण आपली ओळख नाही. ओळखीच्या माणसांत हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही — बायकोसमोरही नाही.

आदिलाबादजवळच्या इचोड्यात हायवेला लागून विलासचं मिक्सर-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आदिलाबादला आम्ही एका वर्गात होतो. त्याला सिनेमाचं वेड — आणि वेड किती, तर त्यानं चक्क यंत्रमानवाचा सिनेमा काढला. ‘लोखंडी पाहुणा’. पुढच्या काळातून एक रोबो भीमपूरच्या कापसाच्या शेतात येऊन पडतो आणि परत जायची वाट विसरतो. रोबो कूलरच्या पत्र्याचा, डोळे मोटारसायकलच्या इंडिकेटरचे, आत विलास स्वतः, घामानं निथळत. कालयंत्र म्हणजे भंगारातला फ्रिज. हसू येतं ना? मलाही यायचं.

शेतातल्या बाईचं काम त्याच्या बायकोनं केलं. संगीतावहिनी भीमपूरचीच, आठवडी बाजारात भाजी विकत मोठी झालेली. कॅमेऱ्याला मुळीच बिचकली नाही. कमरेवर हात ठेवून त्या पत्र्याच्या माणसाला म्हणाली, "काऊन रडून राह्यला रे? तुले मायबाप नाही का?" हे कुणी लिहिलेलं नव्हतं. तिला तिथंच सुचलं.

संकलन माझ्याकडे होतं. मी हैदराबादेत तेच शिकून आलो होतो, आणि तिथं आमच्या बोलीवरून माझी इतकी टिंगल झाली होती की — नाही, हा बहाणा झाला. खरं एवढंच, की सिनेमाला माझं नाव लागणार होतं आणि मला तिच्या बोलण्याची लाज वाटली. माझी आई वेगळं बोलते का? तसंच बोलते. तरी मी पुण्याच्या एका मुलीकडून वहिनीचे सगळे संवाद पुन्हा म्हणवून घेतले. विलासला सांगितलं — माइक खराब होता, खरखर आली. त्यानं विश्वास ठेवला. वहिनी हसली. "बरं झालं भाऊजी, माहा आवाज तसाबी फाटका."

फाटका नव्हता.

सिनेमा कुणी पाहिला नाही. इंटरनेटवर पडून राहिला. पुढे वहिनी तापानं गेली. त्यांची मुलगी तेव्हा अंगावर पिणारी होती.

तेरवी झाल्यावर विलास माझ्या घरी आला. पाणीही घेतलं नाही. म्हणाला, "तो खरखरीवाला आवाज असन का रे कुठं? खरखर राहू दे. मले चालते."

होता. समोरच्या कॉम्प्युटरमध्येच होता — स्वच्छ, एकेक शब्द. पण ऐकल्यावर त्यानं विचारलं नसतं का, की खरखर कुठं आहे? मी म्हणालो, "नाही रे. तेव्हाच काढून टाकला."

इथपर्यंत भित्रेपणा म्हणा. पण पुढचं? तो गेल्यावर मी दार लावलं. उद्या यानं येऊन स्वतःच शोधलं तर — या भीतीनं तिच्या आवाजाच्या फायली पुसायला बसलो. पुसण्याआधी ऐकल्या. सगळ्या. एकीत शॉट संपल्यावर ती विलासला हाक मारते, "निंघा आता त्या डब्यातून, जीव जाईन तुमचा." तीही पुसली.

परवा त्याच्या दुकानात गेलो होतो. मुलगी आता शाळेत जाते. काउंटरमागं मोबाइलवर तोच सिनेमा लावून बसली होती. विलास चहा सांगायला बाहेर गेला, तशी ती माझ्याकडे वळली.

"बाबा आवाज बंद करून पाह्यते. काऊन, ते सांगत नाही. काका, माही आई घरीबी असंच बोले का?"

मोबाइलमधून पुण्याची ती मुलगी बोलत होती.

"हो," मी म्हणालो.

तिनं मोबाइल उचलून कानाशी धरला.