लेकीच्या घरची बिस्किटं

माझे वडील, अप्पा, गेल्या बावीस वर्षांत माझ्या घरचं पाणी प्यायलेले नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्यांनी ती कधीच सोडली. कुणी गूळ-पाणी घेऊन मोकळं झालं, कुणी हातावर रुपया ठेवून जेवलं. अप्पांनी मात्र ती रीत जिवापाड जपली, आणि मला मूल झालंच नाही.

एकदा डोळे तपासायला ते नांदेडला आले. आमचं घर विष्णुपुरीच्या अलीकडे आहे. दुपारभर माझ्या सोफ्यावर बसले, पंख्याचं बटण स्वतः दाबलं, आणि अहमदपूरहून भरून आणलेल्या बाटलीतलं कोमट पाणी घोट घोट प्यायले. मी माठातल्या पाण्याचा तांब्या समोर ठेवला होता. त्यांनी तो पायाने हलकेच बाजूला सरकवला. सांडू नये म्हणून, असं ते म्हणाले.

या माणसाला साखर झाली. मार्केट यार्डात शेतमालाची आडत चालवताना आयुष्यभर चहात बुडवून बिस्किटं खाल्लेली, आणि आता पायाचं एक बोट कापावं लागलं. डॉक्टरांनी मैदा, साखर, गूळ सगळं बंद केलं. अप्पा कुणावर तरी चिडायचं म्हणून वहिनीवर चिडायचे. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, घरात त्यांच्या तावडीत सापडणारी तेवढीच. एक दिवस तिचा फोन आला. रडत होती. मुलाच्या डब्यातलं क्रीमचं बिस्किट अप्पांनी चोरून खाल्लं होतं आणि पकडल्यावर तिलाच शिव्या दिल्या होत्या.

मी फोनवर साखर नसलेल्या बिस्किटांचे व्हिडिओ शोधले. त्यातल्या बाईचं स्वयंपाकघर दवाखान्यासारखं पांढरं होतं आणि ती प्रत्येक वाक्यानंतर हसत होती. बदामाचं पीठ, पीनट बटर, अंडं, बिनसाखरेची गोडी. विकतच्या बदाम पिठाचा भाव पाहून माझे डोळे पांढरे झाले, म्हणून घरीच केलं. बदाम गरम पाण्यात घालून सोलले, पंख्याखाली वाळवले आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवला. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. पहिल्यांदा तसाच झाला. शेंगदाणे मात्र खमंग भाजून त्यांना तेल सुटेपर्यंत दळायचे. आम्ही लिंगायत, अंडं आमच्या घरात चालत नाही. अप्पा लिंगपूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. म्हणून जवसाची पूड भिजवून घातली. चिमूटभर मीठ, गोडीला स्टेव्हिया. गोळे करून काट्याने दाबले आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजले. गरम असताना हात लावला तर भुगा होतो, हे दोन घाणे वाया गेल्यावर कळलं.

अप्पा माझ्या घरचं खाणार नाहीत हे वहिनीला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं. युक्ती तिचीच. मी एसटीने अहमदपूरला डबा घेऊन जायचे, मागच्या दाराने तिच्या हातात द्यायचे, ती बिस्किटं तिच्या स्टीलच्या डब्यात ओतायची. अप्पांना सांगायची, मी केली. अप्पा चहासोबत खायचे. बुडवली की तुटायची, तर चमच्याने तळातला चुरा काढून खायचे. मी समोर बसून बघायचे. सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षांचा हट्ट तोंडातून पोटात जाताना दिसत होता.

दिवाळीनंतर असंच एकदा गेले, तर यार्डातले त्यांचे जुने सोबती बसले होते. अप्पांनी त्यांना बिस्किट दिलं, स्वतः घेतलं आणि सुनेचं कौतुक सुरू केलं. लेकी बोले सुने लागे, अशी म्हण आहे. अप्पांनी ती उलटी करून दाखवली. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला सांगून राहिलो, वहिनीकडून शिक काहीतरी. देवानं लेकरू दिलं न्हाई ते न्हाई, हाताला चव तरी असावी बाईच्या."

सोबत्यांनी खाली पाहिलं. वहिनी दारात उभी होती, तिने ते कौतुक पदरात घेतलं. तिचं बरोबर होतं, तिला तिथेच राहायचं होतं. मला नव्हतं.

"अप्पा, ही बिस्किटं माझी हायेत," मी म्हणाले. "माझ्या घरात, माझ्या हातची. सहा महिने झाले, लेकीच्या घरचं खाऊन राहिलाव तुम्ही."

ते चावायचे थांबले. मग तोंडातलं बशीत काढलं. वहिनीला पाणी मागितलं, खिडकीतून बाहेर चूळ भरली, पुन्हा भरली. पाहुण्यांसमोर. मला वाटलं होतं, इतक्या महिन्यांनी तरी ते गिळतील.

सोबती निघून गेल्यावर त्यांनी व्यवहार मांडला. आडत्याची जात, सौदा सुचतोच. "भट्टी हितं आणून ठेव," म्हणाले. "बदाम मी घेतो. हितं येऊन करत जा. माझ्या घरात केलेलं चालतंय मला."

"माहेरवाशिणीला कामाला लावत न्हाईत, अप्पा," मी म्हणाले. "रीत हाय."

स्टीलचा डबा माझ्या डब्यात रिकामा केला आणि साडेचारची नांदेड गाडी धरली. वाटेत लोहा गाव येईपर्यंत रडत होते. लोह्याला शेजारच्या बाईला दोन बिस्किटं दिली. तिने नाक मुरडून विचारलं, साखर घालायची राहिली का.

पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. आवाज दबलेला. अप्पा तिला म्हणाले होते, "सूनबाई, ती तुझी बिस्किटं कर की पुन्हा." सगळं कळलेलं असताना, चूळ भरलेली असताना. त्यांना बिस्किटं हवी होती आणि ती सुनेचीच आहेत हे खोटंही हवं होतं. वहिनी विचारत होती, कधी आणतेस.

"त्यांना सांग, कशी करायची ते सूनबाई विसरली," मी म्हणाले.

मी अजून दर रविवारी ती करते. नवरा म्हणतो, कोरडी लागतात, पण खातो. वहिनी सांगते, चहा आला की अप्पांचा हात आपोआप डब्याकडे जातो, झाकण उघडतात, आत बघतात आणि बंद करतात. मग नुसता चहा पितात. हे ऐकून मला बरं वाटतं. वहिनीला मी ते पुन्हा पुन्हा सांगायला लावते.