कानबाई माझ्या गाडीवर आली

खोटं कशाला बोलू, देवीवर माझा संशय कधीच नव्हता. संशय होता तो गाडीवर, आणि तो मी मोठ्या शिताफीने सगळ्यांपासून लपवून ठेवला होता. गाडी म्हणजे वडिलांची मोटारसायकल. खानदेशातून सुरतेला येऊन यंत्रमागावर हाडं झिजवल्यानंतर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकमेव वस्तू. तिला आता तीस वर्षं होऊन गेली. वडील गेले, त्यांचा कारखाना बंद झाला, गाडी मात्र डिंडोलीतल्या माझ्या घरासमोर उभी. माझे थोरले दादा सुरतेबाहेर कामरेजला राहतात. ते दर भेटीत एकच विचारतात, "आप्पा, ते डबडं अजून ठेवलंय का?" मी दर वेळी छाती काढून सांगतो, "डबडं नाही दादा, रथ आहे." आणि यंदा नेमक्या कानबाईच्या तोंडावर माझ्या रथाखालून पेट्रोलचा वास येऊ लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई येते. नारळालाच डोळे, नथ, दागिने लावून देवी म्हणून चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्या भावकीत पूजेचा नारळ दादांच्या देवघरातून निघतो आणि ज्याची पाळी असेल त्याच्या घरी बसतो. नियम दोनच, पण कडक. एकदा उचललेला नारळ चौरंगावर बसेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही, आणि दिवेलागणीच्या आत तो बसलाच पाहिजे. यंदा पाळी माझी होती. आठवडाभर आधी सगळे जमले असताना दादा म्हणाले, "मी रिक्षा सांगून ठेवतो. तुझ्या त्या डबड्यावर देवी नको."

माझ्या अंगात नाटक आधीपासूनच आहे. समोर वीस माणसं बसलेली असताना मी गप्प कसा राहणार? उभा राहिलो, हात वर केला आणि म्हणालो, "देवी आपल्या बापाच्या गाडीवर येईल दादा, आणि मिरवत येईल!"

"आणि रस्त्यात बंद पडली तर?"

"तर मंगळवारी भंगारवाल्याला मी स्वतःच्या तोंडाने हाक मारीन."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" दादांनी चौफेर बघून विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. बायकोने कपाळावर हात मारला, तेही सगळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारी मी गळती शोधायला बसलो. इंजिनाखाली बोट फिरवलं की ओलं लागायचं, पण पेट्रोल वरून कुठून येतंय ते कळेना, कारण ते वाटेतच उडून जातं आणि मागे नुसता वास ठेवतं. मी पेट्रोलची नळी बदलली. टाकीखालच्या कॉकचा, म्हणजे पेट्रोलच्या तोटीचा, वायसर बदलला. एवढ्यावर समाधान न होऊन जोडावर अंगाचा साबण घासून बसवला; जुने लोक टाकीला चीर गेली की हेच करतात. वास थांबला. मी विजयी मुद्रेने बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "थांबला का तुमच्या नाकाला सवय झाली?" शनिवारी गाडी घासूनपुसून आरशासारखी केली, देवी येणार म्हणून टाकी काठोकाठ भरली, आणि शेवटी तेलात शेंदूर कालवून टाकीच्या झाकणावर असं जाडजूड स्वस्तिक काढलं की गल्लीतले लोक बघायला आले. स्वस्तिक सुंदरच होतं. ते मी आजही नाकारत नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कामरेजला निघालो. गाडी वाटेत दोनदा ठसकून बंद पडली आणि थोडं थांबल्यावर आपोआप सुरू झाली. बायकोला सांगितलं, "देवीच्या भेटीच्या ओढीने तिचा ऊर भरून येतोय." दादांकडे पोचल्यावर कॉक बंद केला आणि गाडी मुद्दाम अंगणाच्या मधोमध, भर उन्हात उभी केली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. जेवणं झाली. दादा आणि त्यांच्या घरची माणसं पुढे रिक्षाने डिंडोलीला निघाली. आम्ही नारळ लाल वस्त्रात घेतला, बायको तो उराशी धरून मागे बसली, हळदी-कुंकवाची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. आणि मी काय केलं असेल? अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवून आरशाच्या दांडीला सुतळीने बांधला. देवी काय बिनधुपाची जाणार होती?

दहा मिनिटांत पायाला गार लागलं. मग वास आला. मागून बायको अहिराणीत ओरडली, "अहो, पेट्रोलना वास ई राह्यना! गाडी थांबाडा!" मी गाडी कडेला घेऊन खाली पाहिलं, तर पेट्रोल थेंबाथेंबाने नव्हे, बारीक धारेने गळत होतं आणि तापलेल्या इंजिनाच्या अगदी शेजारून जात होतं. मनात एकच आलं, संपलं. दादा जिंकले, वडिलांची गाडी मंगळवारी भंगारात. बाजूने जाणाऱ्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून सल्लाही दिला, "काका, भंगारमां आपी दो ने!" जणू दादांनीच त्याला पाठवलं होतं.

एवढ्यात रस्त्यापलीकडच्या घरातून एक माणूस पळत आला. साठीचा, बनियनवर, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. मला वाटलं, प्यायला आणलं असेल. त्याने एक शब्द न बोलता माझ्या अगरबत्त्यांवर तांब्या उपडा केला, ओला पुडा सुतळीसकट उपटला आणि लांब नाल्यात भिरकावला.

"अहो, देवीची अगरबत्ती आहे ती!" मी किंचाळलो.

"देवीचीच आहे तर काहून पेट्रोलवर धरता? मागं बाई बसली आहे ना!" तो माझ्या दुप्पट आवाजात ओरडला.

त्याच क्षणी मी मागे वळून पाहिलं. नायलॉनच्या साडीत माझी बायको, तिच्या कवेत देवी, खाली पेट्रोल आणि हातभर अंतरावर मी माझ्या हाताने बांधलेले पंचवीस निखारे. दादा, पैज, रथ, सगळं डोक्यातून निघून गेलं. मी बायकोला दंडाला धरून गाडीवरून खाली उतरवलं. इतक्या वर्षांत देवीपुढे किती वेळा डोकं टेकवलं असेल, पण मनातून पहिल्यांदा त्या रस्त्यावर टेकवलं, उभ्याउभ्या.

त्या माणसाने घरातून खुर्ची आणून कडुलिंबाखाली ठेवली. "बसा ताई, नारळ मांडीवरच असू द्या." तो मलकापूरकडचा, रेल्वेत फिटर होता, आता निवृत्त. अशा गाड्या उघडणं हा हाताचा चाळा. मी नळी, वायसर, साबण, अशी माझ्या पराक्रमांची यादी सांगितली. तो म्हणाला, "तुम्ही गळतंय तिथं पाहिलं नाही, वाटतंय तिथं पाहिलं." त्याने कॉक बंद करून इंजिन निवू दिलं, फडक्याने टाकीखालचा सगळा भाग कोरडा केला आणि म्हणाला, "आता कोरडी भुकटी पाहिजे. चुना, पावडर, काहीही." मग त्याची नजर बायकोच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली आणि तो जरा घुटमळला. "हळद असंल तुमच्याकडं. पण पूजेची आहे. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत. तुम्हाला चालत असंल तर."

मी काही बोलायच्या आत बायकोने खांदा पुढे केला. तिचे दोन्ही हात नारळात गुंतलेले. "भाऊ, पिशवी तुम्हीच काढा. तुम्ही नसता तर पूजा कसली आणि काय. " मग माझ्याकडे वळली, "आणि अहो, मी पाव तास देते. नाही जमलं तर सरळ रिक्षाला हात करते, मग तुम्ही नि तुमनी गाडी बसा ह्याच झाडाखाली."

त्याने हळद चिमटीने नळीवर, कॉकवर, कार्बोरेटरवर भुरभुरली. माझी गाडी एखाद्या नवरीसारखी पिवळी झाली. मग कॉक उघडला आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. नळी कोरडी. कॉक कोरडा. आणि कार्बोरेटरच्या खालून जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणारी जी बारीक नळी असते, तिच्या तोंडाशी पिवळ्या हळदीत एक गडद केशरी रेघ उमटली आणि सरसर खाली उतरली. मला जे दिसत नव्हतं ते देवीच्या हळदीने एका मिनिटात लिहून दाखवलं.

"म्हणजे कार्बोरेटर गेला?" मी विचारलं.

"थांबा. सकाळी येताना काही त्रास दिला होता?"

"दोनदा ठसकून बंद पडली. मग आपोआप सुरू झाली."

तो गालात हसला. "सकाळी पेट्रोल खाली येईना, आता उन्हात तापल्यावर जोरात येतंय. कार्बोरेटर बिचारा दोन्ही वेळा मार खातोय. हिला श्वास घेता येत नाही हो." त्याने टाकीच्या झाकणावर हात ठेवला, ते अलगद फिरवलं, आणि कोंडलेली हवा अशी फुस्स करून बाहेर पडली की बायको खुर्चीतून अर्धी उठली. खालची धार मंदावली, थेंब झाली, थांबली. त्याने झाकण उलटं-सुलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. हवा आत-बाहेर जायला झाकणाला एक बारीक भोक असतं. ते माझ्या स्वस्तिकाच्या बरोबर मधोमध होतं, आणि त्यात शेंदूर वाळून दगड झाला होता.

"शुक्रवारी वायसर गेलाच असंल, तो तुम्ही बरोबर बदलला," तो म्हणाला. "ही दुसरी गळती तुम्ही स्वतः तयार केली. हे कुणी काढलं?"

"ह्यांनीच," बायको हनुवटीने मला दाखवत म्हणाली. "गल्ली जमा करून काढलं."

तो हसायला लागला. बायको हसायला लागली. मी दोन क्षण ताठ उभा राहिलो, मग मलाही आवरेना. मी तिच्या पदराची सेफ्टी पिन सोडवून घेतली, माझ्याच हाताने माझ्या भक्तीचा तो खडा टोकरून काढला आणि फुंकर मारली. पलीकडून हवा गेली. झाकण बसवलं, किक मारली, आणि गाडी पहिल्या किकेत अशी बोलली जशी वडील असताना बोलायची. पाच मिनिटं आम्ही तिच्याखाली डोकं घालून बसलो. हळद कोरडी ती कोरडीच.

मी त्याच्या पायाशी वाकलो, तर त्याने दंड धरून सरळ केलं. "तसलं काही नको. देवमाणूस वगैरे म्हणू नका, मी फिटर आहे. निघा आता, ऊन उतरतंय. जय भीम."

"जय भीम, भाऊ," बायको म्हणाली. तिच्या मागोमाग मीही म्हणालो, आणि माझा आवाज नाटकातला नव्हता.

डिंडोलीत शिरलो तेव्हा सूर्य अजून छपरांवर होता. गल्लीच्या तोंडाशी सगळी भावकी, मधोमध दादा, हाताची घडी घातलेले. बायकांनी गाणं उचललं, कुणीतरी बायकोच्या पायावर पाणी घातलं, आणि ती तशीच आत जाऊन नारळ चौरंगावर ठेवून आली. दादा गाडीभोवती एक फेरी मारून आले. "ही पिवळी कशाने झाली?"

इथे माझ्याकडे वीस माणसांचा प्रेक्षकवर्ग होता आणि हातात विजय होता. पण मी सगळं खरं सांगितलं. स्वस्तिक, अगरबत्ती, तांब्या, तो माणूस, सगळं. लोक पोट धरून हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी टाकीच्या झाकणावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या नदीवर जाताना नारळ घेऊन मी मागे बसतो. हळू चालव."

सोमवारी ते बसले. पासष्ट वर्षांचे माझे दादा, कवेत देवी, आणि एक हात माझ्या खांद्यावर, पूर्वी ह्याच गाडीवर वडिलांच्या मागे बसताना ते ठेवायचे तसा.

लोक विचारतात, हा चमत्कार होता का? मला वाद घालता येत नाही. मला एवढंच कळतं की मी देवीला माझ्या गाडीवर मिरवत आणणार होतो, आणि प्रत्यक्षात तिनेच आम्हा दोघांना त्या रस्त्यावरून सांभाळून घरी आणलं. तिने माणूसही असा पाठवला की जो तिला हात जोडत नाही, पण जळती अगरबत्ती विझवायला रस्ता ओलांडून अनवाणी पळत येतो. त्या दिवसापासून मी तिच्याकडे काही मागायला बसलो की शब्द सापडत नाहीत. मग मी नुसता बसतो. बायको म्हणते, इतक्या वर्षांत तुम्ही एवढे गप्प कधी बसला नव्हता, ही खरी कानबाईची कृपा.