दुमडीतली दोन बोटं

आमचे शेठ बिहारहून बोईसरला आले ते एक पायमशीन घेऊन. मराठी शिकले आम्हा घिवली गावच्या बायकांकडून, म्हणून बोलायचे थेट मासळी विकणाऱ्या बाईसारखे. शाळांचे गणवेश शिवून त्यांनी कारखाना उभा केला. हट्ट एकच. फ्रॉकच्या खाली, आत दोन बोटं कापड दुमडलेलं हवंच. "पोर वाढतं, कापड वाढत नाय," म्हणायचे. मासवणपर्यंतच्या आया दुमड उलटून बघूनच माल घेत. कापड बेतायची कात्री मात्र शेठ कुणाच्या हाती देत नसत.

गेल्या मे महिन्यात शेठनी कापलेला गठ्ठा माझ्या मशीनवर आला. साठ फ्रॉक, आणि दुमडीला कापडच नाही.

सांगायला हवं होतं. त्यांचा मुलगा वरच बसतो, जिना चढायचा अवकाश. पण त्याने लगेच बापाची कात्री काढून घेतली असती, आणि कात्री गेली की हा माणूस जगणार कशावर? मी मोठी शहाणी! उरल्यासुरल्या कापडाच्या पट्ट्या गुपचूप आतून जोडल्या.

आठवड्याने पुन्हा तेच. मग एकदा शेठनी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चहा नाय आला अजून?" मग एका दुपारी खडू धरून टेबलाशी नुसते उभे, रेघ अर्धी. "शेठ," म्हटलं तर परक्या बाईकडे बघून हसावं तसे हसले. तरी मी गप्पच. जूनमध्ये माल गेला, एक तक्रार आली नाही. मेली माझी शिलाईच तेवढी चांगली!

दिवाळीनंतर एका सकाळी ते गळ्यात टेप घालून माझ्यापाशी आले.

"उभी रा, पोरी."

पन्नाशी उलटलेली बाई मी, उभी राहिले. त्यांनी माझा खांदा मापला.

"कितवीत हाय तू?"

आजूबाजूच्या मशीनी थांबल्या. मुलगा जिन्यात येऊन उभा होता. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "चौथीत."

"मग दोन बोटं जास्त ठेवतो. पुढल्या वर्षीबी होईल."

मला रडू आवरेना. मशीनखालची पट्ट्यांची पिशवी ओढून काढली आणि मुलाच्या हातात दिली. "मे महिन्यापासून," म्हटलं. त्याने पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे. टेबलावरची कात्री उचलून घेऊन गेला.

शेठ अजून माझं माप घेत होते.