पेटिफोर्डांची डिकी

थॅडियस पेटिफोर्ड पियानो सुरात लावायचे. नॉर्थ कॅरोलायनातल्या एल्मर क्रीक गावात गोऱ्यांचं चर्च वेगळं, काळ्यांचं वेगळं; पियानो मात्र दोन्हीकडे सारखेच बेसूर होत, म्हणून पेटिफोर्डांचं बरं चाललं होतं. ते काळ्यांच्या चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रीबाबांच्या हाताखालचे मानकरी. रंग म्हणाल तर दुधात चुकून चमचाभर कॉफी सांडावी तेवढाच. घराणं काळ्यांचं, पण पिढीजात असंच उजळ. पण गाव त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होतं, त्यामुळे कुणी फसत नसे.

पोलीस तर नाहीच नाही. गाडी अडवली की चालकाचा वंश नोंदवायचा, आणि तोही न विचारता, नुसता बघून, असा नियम. पेटिफोर्ड मुद्दाम विचारत, "काय लिहिलंत मला?"

"काळा."

"शाबास! नजर शाबूत आहे."

मग पोलीस डिकी उघडायला लावत. हातोड्या, तारा, लोकरीच्या पट्ट्या, सगळं रस्त्याकडेच्या चिखलात.

जानेवारीत एका नव्या, बाहेरगावच्या शिपायानं अडवलं. मागचा दिवा बंद होता. "तेवढा बदलून घ्या, सर. सांभाळून जा."

डिकीचं नावच नाही! पेटिफोर्डांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. "काय लिहिलंत मला?"

"गोरा, सर. का हो?"

घरी त्यांची बायको ऑर्लीनबाई भाजी निवडता निवडता हसून लोटपोट. "अहो पेटिफोर्ड, आता रविवारी गोऱ्यांच्या चर्चमध्ये बसणार म्हणा! तिथं टाळी चुकीच्या ठोक्यावर पडते हो, जमेल ना?"

"हसू नकोस. माझी नोंद त्यांच्यात गेली. ती परत आणल्याशिवाय राहणार नाही."

नगरसभेत पोलीसप्रमुख स्ट्राउड काळ्या-गोऱ्यांच्या किती गाड्या अडवल्या, किती डिक्या उघडल्या याचे आकडे सांगायला उभे होते. पेटिफोर्डांनी उठून तक्रार मांडली. स्ट्राउड म्हणाले, "चूक कबूल, डीकन. नियमात बसत नाही, पण तुमच्यासाठी आत्ता दुरुस्त करतो." आणि लगेच नोंदवही उघडून पेन काढलं.

पेटिफोर्डांचे कान टवकारले. एवढी तत्परता? मग डोक्यात उजेड पडला: दुरुस्ती झाली की 'काळा चालक, डिकी न उघडता सोडला' अशी एक गोंडस नोंद स्ट्राउडसाहेबांच्या पदरात!

"थांबा! खोडू नका. गोराच राहू द्या मला."

सभा खो-खो हसली. पेटिफोर्ड हसले नाहीत. "डिसेंबरात हीच गाडी, हाच मी, आणि बंद दिवाही हाच. बदलायचा आळस माझा. तेव्हा मला काळा लिहिलंत आणि डिकी चिखलात उपसलीत. जानेवारीत गोरा लिहिलंत, तर डिकीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. सूर लावताना आम्ही दोन तारा एकत्र छेडतो, साहेब. कुठं खटकतंय ते कुणालाही ऐकू येतं. या दोन नोंदी एकापाठोपाठ वाचा. मोठ्यानं."

स्ट्राउडनी घसा साफ केला आणि वाचलं.

"मागं ऐकू आलं नाही," पहिल्याच रांगेतून ऑर्लीनबाई म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

पुन्हा वाचावं लागलं.