भारंबे मॅडम थांबायच्या

भारंबे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. धुळ्याच्या बाहेर मुलींचं एक बालगृह होतं, तिथे मी गृहमाता होते. फाटकाला कुलूप, जिन्याला कुलूप, आणि एखादी मुलगी पळून जायला बघत असेल तर तिच्या खोलीलाही बाहेरून कुलूप. जळगावहून नव्या मानसशास्त्रज्ञ बाई येणार आहेत, असं अधीक्षक साहेबांनी सांगून ठेवलं होतं. त्या आल्या एसटीने. खांद्याला कापडी पिशवी, जाड भिंगांचा चष्मा, वय पस्तिशीच्या आसपास. मी त्यांना वर नेलं आणि अशाच एका खोलीचं कुलूप काढायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी विचारू या ना," म्हणाल्या, आणि दारावर हलकेच टकटक केली. "आत येऊ का?"

आतून मुलगी म्हणाली, "नको."

"बरं. उद्या येते," असं म्हणून मॅडम जिना उतरून खाली गेल्या आणि स्वयंपाकघरात बसून चहा प्यायल्या. मी बघतच राहिले. कुलूप आमचं, किल्ली आमची, आणि परवानगी त्या पोरीची! या बाईला पगार कशाचा मिळतो, असं मला वाटलं. आणि मनात वाटलेलं तोंडात अडकवून ठेवायची मला सवय नव्हती, म्हणून मी ते विचारलंही.

मॅडम हसल्या. "थांबायचा," म्हणाल्या.

त्या रावेरच्या. घरी केळीची शेती, भाऊ केळी भरून ट्रक पाठवायचा. दर सोमवारी त्यांच्या पिशवीतून केळ्याच्या वेफर्सचा मोठा डबा निघायचा आणि दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. बोलणं शहरी, नीट. पण राग आला किंवा गहिवरून आलं की रावेरकडची बोली बाहेर यायची. मी शिंदखेड्याची, आमची अहिराणी वेगळी. दोघी एकमेकींच्या बोलण्याची टिंगल करायचो. पुष्कळशा मुली अहिराणीच बोलायच्या, म्हणून पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून रोज पाच-सहा शब्द वहीत उतरवून घेतले. मुली त्यांचे उच्चार ऐकून खो खो हसायच्या. त्यावर त्या खूश. "हसू दे अक्का. या घरात कोणाची तरी चूक दुरुस्त करायचा मान यांना मिळू दे."

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण भाकरीवरून झालं. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी ताटातली अर्धी भाकरी लपवून गादीखाली ठेवायची. मुंग्या लागायच्या, वास यायचा. मी तिला दोनदा बोलले, तिसऱ्यांदा गादीच उचलून अंगणात टाकली. मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला झाकणाचा एक स्टीलचा डबा आणून दिला. "भाकरी यात ठेव. मुंग्या लागणार नाहीत. शिळी झाली की अक्कांना सांग, त्या ताजी देतील."

"म्हणजे मी तिच्या चोरीला ताजी भाकरी पुरवायची?" मी म्हणाले.

"अक्का, तिच्या पोटाला आपल्यावर भरवसा नाही अजून. पोटाला समजावून सांगता येत नाही. त्याला दाखवावं लागतं."

मी कुरकुरत दोन महिने भाकऱ्या बदलल्या. मग एक दिवस डबा उघडला तर त्यात रबरबँड आणि मोडक्या बांगड्या होत्या. मी मॅडमना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं, झाकण लावलं, आणि म्हणाल्या, "आता तुम्ही तिला न विचारता उघडू नका हं."

सरला आली ती दिवाळीनंतर. हे तिचं खरं नाव नाही. लिहू का म्हणून मी तिला विचारलं, तेव्हा "नाव बदला आणि लिहा" असं ती म्हणाली. वय पंधरा. आईबाप नाहीत. काकाने लग्न ठरवलेलं, हळदीच्या दिवशी पोलिसांनी येऊन थांबवलं आणि तिला आमच्याकडे आणलं. पहिल्याच आठवड्यात ती फाटकावर चढली, खाली पडली, गुडघे फोडून घेतले. त्यामुळे तिच्या खोलीला कुलूप लागलं. बोलायची मात्र नाही. खाल्लं तर खाल्लं, नाही तर नाही. मॅडम रोज दारावर टकटक करायच्या, आतून उत्तर यायचं नाही, आणि त्या परत यायच्या.

मला राहवलं नाही. "ती नको म्हणत नाही ना? मग जा की आत."

मॅडमचा चेहरा एकदम उतरला. त्या दिवशी त्यांनी मला जळगावची गोष्ट सांगितली. पहिल्या नोकरीत त्यांच्याकडे अशीच एक गप्प मुलगी होती. घरचे न्यायला आले होते, अहवाल त्याच दिवशी हवा होता. घरी जायचंय का, असं त्यांनी विचारलं, मुलगी काहीच बोलली नाही, आणि त्यांनी लिहून टाकलं, 'घरी जाण्यास तयार आहे.' घरच्यांनी दोन महिन्यांत तिचं लग्न लावलं. वर्षभरात ती बाळंतपणात गेली.

"गप्प बसणं म्हंजे हो नसते अक्का," त्या म्हणाल्या. "ते शिकाले मले एक पोरगी लागली." चष्मा काढून त्यांनी ओढणीने पुसला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिल्या.

सरलाचा काका दर आठवड्याला यायचा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. सगळे त्याला नाना म्हणायचे. साहेबांच्या खोलीत बसून रडायचा, चूक झाली म्हणायचा, पोरगी घरी पाठवा म्हणायचा. साहेब वाईट माणूस नव्हते, पण मुली जास्त, खोल्या कमी. एक जरी घरी गेली तरी त्यांना मोकळं वाटायचं. बालकल्याण समितीपुढे मॅडमचा अहवाल जायचा होता. "हरकत नाही, एवढं लिहा," असं साहेबांनी दोनदा सांगितलं. मॅडमनी तीन आठवडे मागून घेतले.

त्या तीन आठवड्यांत त्यांनी काय केलं? भरीत केलं! असोद्याहून भरताची वांगी आणली, कपाशीच्या काड्यांचा भारा आणला. अंगणात जाळ करायला साहेब तयार होईनात. मी दोन बादल्या पाणी भरून शेजारी उभी राहीन, असं कबूल केल्यावर कशीबशी परवानगी मिळाली. सगळ्या मुली जाळाभोवती जमल्या. सरलालाही बोलावलं होतं; ती आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मॅडमना वांगी भाजायचा गंधही नव्हता. लहानपणापासून आयतं खाल्लेलं. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं.

"अश्या नही," मागून आवाज आला. "देठ धरीसन फिरावा. नही ते बठ्ठा कच्चा ऱ्हातीन."

देठ धरून फिरवा, नाहीतर सगळी कच्ची राहतील. तो सरलाचा आवाज होता. मॅडमनी वळूनही पाहिलं नाही. फक्त सरकून बसल्या आणि शेजारची जागा मोकळी केली. सरला येऊन बसली, बाही मागे सारली, आणि एकामागून एक वांगं भाजायला लागली. त्या दिवसापासून दारावर टकटक केली की आतून "या" येऊ लागलं.

बोलायची ती, पण घरचं नाही. वांग्यांचं, शेळीचं, धाकट्या बहिणीचं. एवढंच म्हणायची, मला घरी पाठवा. आता तर तिने तोंडानेच होकार दिला होता. साहेब म्हणाले, झालं, लिहा. मॅडम लिहीनात. माझाही धीर सुटत चालला होता.

माघात नाना भेटायला आला, तेव्हा नियमाप्रमाणे मी खोलीत बसले होते. सरलाने त्याला एकच प्रश्न विचारला. "बहीण शाळामा जास ना?"

"शाळाले सुट्ट्या लागी गयात," नाना म्हणाला आणि पेढ्यांचा पुडा सोडू लागला.

माझी भाची त्याच तालुक्यातल्या शाळेत होती. माघात कसल्या सुट्ट्या? मी सरलाकडे पाहिलं. तिलाही ते कळलं होतं. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. नाना जाताच मी धावत मॅडमकडे गेले.

मॅडम वर गेल्या. मलाही थांबायला सांगितलं. सरला भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच बोलली. "मी गऊ ते तिले सोडी देतीन." मी गेले तर तिला सोडतील. नानाने पहिल्याच भेटीत कानात सांगितलं होतं: तू आली नाहीस तर त्या मांडवात धाकटी उभी राहील. बहीण बारा वर्षांची होती.

मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "ऐक सरला. धाकटीचं मला आजच कळवावं लागेल. ते मी तुला विचारत नाही, सांगते आहे. तुझा राग आला तरी चालेल. पण तुझ्याबद्दल काय लिहायचं ते तू सांग."

सरला खूप रडली. आणि मग म्हणाली, "लिखा. माले नही जानं."

संध्याकाळच्या आत मॅडम स्वतः समितीकडे गेल्या. चौथ्या दिवशी धाकटी आमच्या फाटकातून आत आली. शाळेतून तिचं नाव काढलेलं होतं, हातावर मेंदी होती. सरला जिन्यावरून कशी उतरली ते मला सांगता येणार नाही. उतरली नाहीच ती, पडत आली.

नानाचं वजन होतं. मुलींना घराविरुद्ध भडकवतात, अशी मॅडमविरुद्ध तक्रार वरपर्यंत गेली. चौकशीत काही निघालं नाही, पण मॅडमची नेमणूक कंत्राटी होती आणि मार्चनंतर ती पुढे वाढली नाही. "मुलींना सांगा, सुट्टीवर जातेय," साहेब म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "नाही सर. सुट्टीवरून माणसं परत येतात."

त्यांनी एकेकीला भेटून खरं ते सांगितलं. कोणी रडलं, कोणी गळ्यात पडलं. सरलाने पाठ फिरवली. निरोप घेतला नाही.  "राग आलाय ना? येऊ दे," एवढं म्हणून मॅडम निघाल्या. मी त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले. जळगावची गाडी लागली, तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मी मुलींना शांत करायला शिकले होते. मॅडमना नाही. त्यांची पिशवी तेवढी धरून उभी राहिले.

पुढे फोन व्हायचे. जळगावात त्यांनी एका शाळेत नोकरी धरली होती. आजारपण मात्र त्यांनी मला कळू दिलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या भावाचा फोन आला, तोवर तेरावं होऊन गेलं होतं. मी आता निवृत्त आहे. सरला धुळ्यात एका दवाखान्यात काम करते, धाकटी कॉलेजला आहे, दोघी मिळून खोली घेऊन राहतात. मी सरलाला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात उभी. "अक्का, रावेरला जायचं."

मॅडमची आई ओट्यावर बसली होती. पलीकडे ट्रॅक्टरमधून केळीचे घड उतरत होते. म्हातारीने आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, सरलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिनं आम्हाले कधी काही सांगतलं नाही. इचारलं तं म्हने, आई, त्या पोरींच्या गोष्टी माह्या नाहीत, त्यायच्या हायेत. काय करे व माही पोर तठी?"

मॅडम तिथे काय करायच्या ते सांगायला मी तोंड उघडलं. सरलाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"मी सांगते, आजी," ती म्हणाली, आणि म्हातारीजवळ सरकून बसली.