वसुधाताईंचा पहिला प्रश्न

अन्यायाविरुद्ध उभं राहणाऱ्याला आधी स्वतःच्या आत एक वणवा पेटवावा लागतो, असं मी आमच्या मराठी मंडळाच्या दोन-तीन भाषणांत म्हटलं आहे. वसुधाताई लिमये आधी चहा ठेवत. मग समोरच्याला विचारत, "त्यांनी काय केलं ते नंतर. तुम्ही काय बोललात?"

फ्रँकफर्टजवळच्या आमच्या शहरात सरकारी कार्यालयांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारं एक लहानसं मध्यस्थी केंद्र आहे. ताई तिथे अर्धवेळ काम करत. त्या येण्यापूर्वी मराठी माणसं माझ्याकडे येत. माझं जर्मन चांगलं आहे. म्हणजे खरोखरच चांगलं आहे. मी कलमांसकट तक्रार लिहून देई आणि लोक ती वाचून गहिवरत. कामं होत नसत, पण तो जर्मनांचा दोष. ताई मात्र "आल्झो", म्हणजे "तर मग", एवढं म्हणून अडखळत, आणि समोरचा कारकूनच त्यांचं वाक्य पूर्ण करी, बहुधा त्यांच्याच बाजूने. हळूहळू माझ्याकडे लोक फक्त निमंत्रणपत्रिकेचं शुद्धलेखन तपासायला येऊ लागले. मी जळत होतो. सभ्यपणे, पण जळत होतो.

मग माझाच राहण्याचा परवाना अडला. अर्ज मी मुदतीत दिला होता; कार्यालयाने तो हरवला आणि उशीर माझ्या माथी मारला. परवान्याशिवाय भारतात गेलो असतो तर परत येता आलं नसतं, आणि नाशिकला बाबांची हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. पुण्याच्या कंपनीत शिकलो होतो तेच मी केलं: एस्कलेट, म्हणजे प्रकरण थेट वरच्यांकडे. जळजळीत ईमेल, आणि सीसीमध्ये माझा अर्ज बघणाऱ्या कारकूनबाईंचे साहेब, साहेबांचे साहेब आणि महापौर. उत्तर आलं नाही.

"वसुधाताईंकडे जा," बायको म्हणाली.

"त्यांचं जर्मन ऐकलंयस?"

"अरे, तुझं ऐकूनच तर ही वेळ आली."

गेलो. चहा आला, प्रश्न आला. मी ईमेल मोठ्याने वाचून दाखवला, योग्य जागी आवाज चढवून.

"छान लिहिलंय हो," ताई म्हणाल्या. "महापौरांनाही पाठवलंत?"

"दबाव यायला."

"आला ना. महापौरांचं नाव आलं की फाइल कायदा विभागात जाते. आता त्या बाईंना हातच लावता येत नाही तिला. तक्रार मागे घ्या."

"पण चूक त्यांची आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्यांचीच आहे, आणि ती मी सोडणार नाही. पण तुम्हाला आधी जिंकायचंय की आधी नाशिकला जायचंय?"

मला दोन्ही हवं होतं. बाबांचा चेहरा आठवला आणि तिथेच बसून तक्रार मागे घेणारं पत्र लिहिलं. माझ्या जर्मन गद्यातला तो सर्वोत्तम उतारा होता.

ताईंनी कारकूनबाईंना फोन लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. शेवटी एवढंच सुचवलं की मराठी लोकांच्या मधल्या नावाखालीही एकदा बघा. अर्ज सापडला. मधलं नाव वडिलांचं असतं हे जर्मन कपाटाला ठाऊक नव्हतं. मी बाबांच्या नावाखाली निवांत पडून होतो. त्याच आठवड्यात तात्पुरता परवाना मिळाला. पुढे ताईंनी पाठपुरावा करून कार्यालयाकडून लेखी दिलगिरीही मिळवली. तीत ताईंच्या सहकार्याचे मनःपूर्वक आभार होते. माझं नाव चुकलं होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी नाशिकला पोहोचलो. सगळं नीट पार पडलं. खाटेवरून बाबांनी पूर्ण हकीकत ऐकली, ईमेलचा भाग वगळायला सांगितला आणि ताईंचा नंबर मागून घेतला. महानगरपालिका नळाच्या जोडणीसाठी त्यांना हेलपाटे घालायला लावत होती, त्याबद्दल विचारायचं होतं.

गेल्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीपायी ताई स्टुटगार्टला गेल्या. निरोपाच्या भाषणात मी त्यांना न्यायदेवता म्हटलं; त्या तेव्हा मागे समोसे गरम करत होत्या. नळ केव्हाच आला, तरी बाबा दर रविवारी सकाळी त्यांच्याशी फोनवर बोलतात. मला ते शनिवारी उरकून घेतात.